बार्बलेस गळ आणि रबरी जाळी, मार्चपासून वापरतोय

मी दर रविवारी पहाटे गळ घेऊन निघणारा माणूस, कधी नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या खालच्या अंगाला गोदावरीवर, कधी पाटावर. मार्चमध्ये ऑनलाइन दोन वस्तू मागवल्या, आठ नंबरचे बार्बलेस गळ आणि लांब दांड्याची रबरी जाळी. आता पाऊस सुरू झालाय, म्हटलं नीट लिहावं.

आधी गळ. नेहमीच्या गळाला टोकाजवळ उलटा काटा असतो ना, तो याला नाहीच. मला पण वाटलेलं की मासा सुटून जाईल, आणि पहिले दोन रविवार सुटलेच, कारण मी तंगूस, म्हणजे गळाची दोरी, ढिली सोडत होतो. ती ताणून धरायची सवय झाली की मग फारसा फरक पडत नाही. फायदा काढताना कळतो, पक्कडीने जरा मागे ढकलला की गळ बाहेर, ओठ फाटत नाही. एकदा माझ्याच अंगठ्यात घुसला तर तिथल्या तिथे निघाला, जुन्या गळाने हेच झालं तेव्हा दवाखाना गाठावा लागला होता. नवे घ्यायचे नसतील तर जुन्याचा काटा पक्कडीने दाबून टाका, काम तेच होतं.

जाळी मात्र खरंच घ्या. नायलॉनच्या गाठींच्या जाळीत माशाचे खवले निघतात आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो, तो थर गेला की माशाला बुरशी धरते, म्हणजे आपण सोडला तरी तो पुढे जाऊन मरू शकतो. रबरात असं फार कमी होतं, गळ पण अडकत नाही. हात ओले करूनच मासा धरायचा, फोटो काढायचाच तर पटकन, आणि सोडताना तोंड प्रवाहाकडे करून स्वतःहून शेपटी मारेपर्यंत आधार द्यायचा. एप्रिल-मेमध्ये पाणी तापतं, त्यात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून नऊ वाजले की मी गुंडाळतो.

पाटावर जाळीचा वेगळाच उपयोग झाला. आवर्तन, म्हणजे धरणातून शेतीसाठी सोडलेलं पाणी, बंद झालं की पाटात डबकी उरतात, त्यात रोहू मृगळची पिल्लं अडकून तडफडतात. मे महिन्यात मी आणि माझा भाचा बादलीत भरून भरून ती नदीत सोडत होतो, एक पण ओरखडा नाही. चिलापी (तिलापिया) मात्र परत सोडत नाही, ती मूळची आफ्रिकेची, बेसुमार वाढते आणि आपल्या माशांच्या जागा खाते, ती घरी कालवणात.

आणि आता वलगणीचे दिवस आहेत, गाभोळी म्हणजे अंडी भरलेले मासे पाण्याच्या उलट वर चढतायत, ते धरू नका प्लीज, एका मादीच्या पोटात पुढच्या कित्येक वर्षांचे मासे असतात. नांदूरमध्यमेश्वरला तर गळ नेऊच नका, ते पक्षी अभयारण्य आहे आणि रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा. तुटलेली तंगूस खिशात घालून घरी आणा, बगळ्याच्या पायात गुंतलेली मी स्वतः कापून काढलीय, पाय सुजून काळा पडला होता हो.

तक्रार एकच, जाळीच्या दांड्याचं प्लास्टिकचं लॉक दुसऱ्या महिन्यातच सैल झालं, मोठा कटला आला की दांडा फिरतो. मी तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधलीय, तेवढ्यावर चाललंय. गळांना पाच स्टार, जाळीला चार.