मशीन चेंडू देतं, पाय कोण बघणार?

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची पुरुषांची थ्री-पॉइंट रेषा (जिच्याबाहेरून पडलेल्या शॉटला तीन गुण) एनसीएएने, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेने, २०१९-२० मध्ये पहिल्या, सर्वांत वरच्या विभागात २० फूट ९ इंचांवरून २२ फूट पावणेदोन इंचांवर नेली. म्हणजे फिबाची, आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची, ६.७५ मीटर. त्या हंगामात थ्री (तीन गुणांचे शॉट) पडण्याची टक्केवारी ३४ च्या थोडं वरून ३३ च्या आसपास उतरली. महिलांची रेषा २०२१-२२ मध्ये सरकली. यावर हमखास उपाय म्हणून शूटिंग मशीन सुचवलं जातं: रिंगभोवतीच्या जाळीत चेंडू गोळा करून खेळाडूकडे परत पास करणारं यंत्र. शूट-अ-वेचं ‘गन’ आणि डॉ. डिश ही त्यातली गाजलेली नावं. किंमत काही हजार डॉलर. उपयोग नक्की आहे, पण अर्ध्याच दुखण्यावर.

आधी दुखणं कुठे आहे ते बघू. अंतर वाढलं साधारण ४२ सेंटिमीटर. तेवढ्याने नेमच बिघडतो असं नाही, कारण डावी-उजवी चूक चालवून घेण्याचा कोन जेमतेम सहा-सात टक्क्यांनी आक्रसतो. बिघडतात ते पाय. गुडघ्यातून जोर कमी पडला की खेळाडू खांद्याने चेंडू ढकलतो आणि आर्क, म्हणजे चेंडूची हवेतली कमान, सपाट होतो. रिंग ४५.७ सेंटिमीटर, चेंडू साधारण २४. ४५ अंशांत उतरणाऱ्या चेंडूला वाट मिळते ३२ सेंटिमीटरची, ३५ अंशांत फक्त २६. मग चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतो.

इथे मशीन खरंच कामाचं. जाळीची वरची कडा रिंगच्या बरीच वर असते, त्यामुळे सपाट शॉट जाळीतच अडकतो. आर्कचं भांडण कोचला घालावं लागत नाही. दोन-तीन चेंडूंवर एकटा खेळाडू तासभर चालतो. मात्र नवख्याला बरं वाटावं म्हणून जाळी खाली घेतली, की मशीनचा मुख्य फायदा गेलाच. दुसरी नेहमीची चूक वेगाची. दर तीन सेकंदांनी पास लावला तर विसाव्या शॉटनंतर पाय थकतात आणि सराव होतो तो ढकलण्याचा. नव्या अंतरावर सुरुवातीला पाच-सहा सेकंदांचं अंतर ठेवा आणि सलग पुढच्या कडेवर लागायला लागले की थांबवा.

आता कमतरता. मशीनचा पास रिंगखालून येतो, सरळ छातीवर. मॅचमध्ये तो येतो ड्राइव्ह करणाऱ्याकडून (चेंडू घेऊन रिंगकडे घुसणाऱ्याकडून) किंवा विंगवरून, म्हणजे कोर्टच्या बाजूकडून, कंबर अर्धी वळलेली असताना. तोडगा सोपा आहे: मशीनचा पास विंगवरच्या खेळाडूला द्या आणि त्याने तो कॉर्नरला, बेसलाइनजवळच्या कोपऱ्यात, शूट करणाऱ्याकडे सोडावा. मोजणी तशीच चालू राहते.

मोजणीतही खोट आहे. मशीन पडलेले आणि मारलेले मोजतं. बूट रेषेवर होता का, हे त्याला दिसत नाही. एनसीएएच्या कोर्टवर कॉर्नरमध्ये रेषा आणि साइडलाइन यांच्यात फक्त १०२ सेंटिमीटर जागा आहे, फिबाच्या कोर्टवर ९०. उंच खेळाडूचा बूटच तीस-बत्तीसचा, मागे पाऊल घेतलं की बाहेर, पुढे सरकलं की थ्रीचे दोन. म्हणून शेजारी कागद घेऊन एक माणूस बसवाच: हुकलेल्या शॉटसाठी छोटा, लांब, बाजूला असे तीन रकाने, आणि रेषेला बूट लागलेला शॉट पडला तरी शून्य.

रोज डझनभर खेळाडू शूट करणार असतील तर मशीन घ्यावं. चार-पाच जणांसाठी नाही, रिबाउंड करणारा मित्र स्वस्त पडतो.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ सामने फिबाच्याच नियमांनी होतात आणि फिबाने ६.७५ हे अंतर २०१० मध्येच आणलं. सिमेंटच्या मैदानावर अजून ६.२५ ची जुनी रेषा असेल, तर मशीनआधी पाच सेंटिमीटर रुंदीची टेप आणा. रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडा. तो बेसलाइनच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर टेकला पाहिजे. त्या खुणेवर न ताणणारी दोरी धरून ६.७५ चा कंस काढा, माप टेपच्या बाहेरच्या कडेपर्यंत. कॉर्नरच्या सरळ रेषा साइडलाइनच्या आतल्या कडेपासून ०.९० मीटरवर. कंस आणि सरळ रेषा बेसलाइनपासून २.९९ मीटरवर जुळल्या नाहीत, तर टेप चिकटवू नका, ओळंबा पुन्हा धरा.