कोंबड्यांच्या खाद्यात अँटीबायोटिकऐवजी काय घालायचं, वनस्पती अर्क की प्रोबायोटिक?

कॉन्ट्रॅक्टवर ब्रॉयलर करणाऱ्यांनी हे नाही वाचलं तरी चालेल, पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, त्यात तुम्हाला विचारतंय कोण. पण जे स्वतः मका-सोयापेंड आणून खाद्य बनवतात, लेयरवाले (अंड्यांच्या कोंबड्या पाळणारे) म्हणा गावरानवाले म्हणा, त्यांच्यासाठी लिहितोय. स्वीडनने ग्रोथ प्रमोटर म्हणून, म्हणजे नुसती वाढ व्हावी म्हणून, अँटीबायोटिक घालणं १९८६ लाच बंद केलं, सगळ्या युरोपियन युनियनमध्ये २००६ पासून बंद, आपल्याकडे कोलिस्टिन या अँटीबायोटिकवर २०१९ मध्ये बंदी आली. आज ना उद्या सवय मोडावी लागणारच आहे.

प्रोबायोटिक म्हणजे जिवंत चांगले जंतू. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं हे आतड्यात आधीच जागा धरून बसतात, मग साल्मोनेला वगैरेला टेकायला जागा कमी राहते. म्हणून पहिल्या दिवसापासून दिलं तर खरा फायदा. पण पुडीवर कुठला जंतू आहे ते बघा. लॅक्टोबॅसिलस नाजूक, पेलेट म्हणजे दाबलेल्या गोळ्यांचं खाद्य बनवताना ८० डिग्रीच्या आसपास वाफ लागली की बहुतेक खलास. बॅसिलस सबटिलिस किंवा लायकेनिफॉर्मिस असेल तर त्याचे बीजाणू ती वाफ सहन करतात. मॅश म्हणजे नुसतं दळलेलं खाद्य असेल तर दोन्ही चालतात. आणि पाण्यातून देणारे काय करतात, सकाळी टाकीत टीसीएल पावडर (जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर) टाकतात आणि त्याच पाण्यात प्रोबायोटिकची पुडी, झालं, पैसे पाण्यात. अँटीबायोटिकचा कोर्स चालू असताना दिलं तरी तीच गत, कोर्स संपल्यावर द्या, तेव्हा कामाला येतं.

वनस्पती अर्काचं उलटं आहे. ओरेगॅनोमधलं कार्व्हाक्रॉल, आपल्या ओव्यातलं थायमॉल, दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड, हे जंतूंच्या बाहेरच्या पापुद्र्यावरच घाव घालतात. इथे जिवंत काही नाही त्यामुळे कोर्स चालू असला तरी अर्क मरायची भीती नाही. त्रास दुसराच आहे, ही तेलं उडून जातात, म्हणून कोटिंग केलेला माल घ्यावा लागतो, तो महाग. शिवाय पीक कुठलं, काढणी कधीची यावर तेलातला अंश बदलतो. नुसतं 'हर्बल' लिहून मोकळं झालेलं पाकीट घेऊच नका, मुख्य घटक किती टक्के ते छापलेलं पाहिजे. डोस जास्त झाला तर उग्र वासाने पक्षी खाद्य कमी खातात. घरी ओवा-लसणाचा काढा करून देतात लोक, द्या, पण त्यात किती काय उतरलं ते कुणालाच माहीत नसतं, त्याच्या भरवशावर बाकी सगळं बंद करू नका.

मला विचाराल तर आधी बॅसिलसवालं प्रोबायोटिक. माल बऱ्यापैकी एकसारखा येतो, खाद्यात मिसळायला सोपं. अर्क नंतर, तोही प्रोबायोटिकचा हिशोब बसल्यावर, दोन्ही एकदम सुरू केलं तर कशामुळे फरक पडला ते कळणार कसं? ब्रॉयलर असेल तर शेडमध्ये मधोमध जाळी मारा, एकाच लॉटची पिल्लं दोन्हीकडे, पोती वेगळी मोजा. दोन किलोच्या पक्ष्यात एफसीआर, म्हणजे एक किलो वजनाला लागलेलं खाद्य, १.७ वरून १.६ वर आला तर पक्ष्यामागे २०० ग्रॅम खाद्य वाचतं, ५००० पक्ष्यांना एक टन. त्या टनाचे पैसे आणि पुडीचे पैसे शेजारी मांडा, कुठल्या सेल्समनला विचारायची गरज नाही. लेयरला डझनभर अंड्यांमागे किती खाद्य गेलं ते बघा.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. कॉक्सीचं (आतड्यातल्या कॉक्सिडिओसिस रोगाचं) औषध या दोन्हींच्या भरवशावर बंद करायचं नाही. त्यातलं सॅलिनोमायसिन काढलं आणि लिटर म्हणजे खाली पसरलेलं तूस ओलं राहिलं की रक्ती हगवण लागलीच समजा. पाणी प्यायचं निपल गळत असेल तर आधी ते बदला, ओलं तूस उचलून टाका. आणि मर सुरू झाली तर पुड्या वाढवत बसू नका, मेलेला ताजा पक्षी डॉक्टरकडे न्या, पोस्टमॉर्टेम करून घ्या, अँटीबायोटिक लागलंच तर ते म्हणतील तेवढे दिवस द्या आणि त्यानंतरची अंडी किती दिवस विकायची नाहीत तेही तिथेच विचारून घ्या.