कोळशाची राख आणि युरेनियममधलं बेरियम

कोळसा जळला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, पण त्यातला कार्बन कार्बनच राहतो. फक्त जोडीदार बदलतो. रासायनिक अभिक्रियेत अणुकेंद्रकाला धक्काही लागत नाही. केंद्रकीय अभिक्रियेत मात्र मूलद्रव्यच पालटतं. १९३८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान आणि स्ट्रासमान यांना न्यूट्रॉनांचा मारा केलेल्या युरेनियममध्ये चक्क बेरियम सापडलं. त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना! ऊर्जेतली तफावत तर अफाट: कार्बनचा एक अणू जळताना सुमारे ४ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक), युरेनियम-२३५ चा एक अणू फुटताना सुमारे २० कोटी. पण मागे उरणाऱ्या मालाचं काय? अनेक रासायनिक विषं जाळून मोडता येतात. युरेनियम फुटल्यावर उरणारं किरणोत्सारी सीझियम-१३७ मात्र जाळा, विरघळवा, किरणोत्सार तसाच. निम्मं व्हायला त्याला सुमारे ३० वर्षं लागतातच.