तेल गेलं कुठं? जुन्या ऑटोमॅटिकसोबतचे नऊ महिने

गाडी 1983 ची, जर्मन, पेट्रोल, चार गिअरची ऑटोमॅटिक. कंपनीचं नाव मुद्दाम टाळतोय; चाळीस वर्षांनी एक रबर फाटलं म्हणून बनवणाऱ्याला बोल कशाला लावायचा? गेल्या नोव्हेंबरात तिनं पन्हाळ्याच्या चढावर दगा दिला. दुरुस्तीला आता नऊ महिने झाले, चार हजार किलोमीटरच्या आसपास फिरणं झालं, म्हणून लिहायला बसलो.

त्या दिवशी वळणावर इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. रेस वाढतेय, गाडी जागेवर. डीमध्ये, म्हणजे पुढं जायच्या गिअरमध्ये टाका नाहीतर रिव्हर्समध्ये, न्यूट्रल असल्यासारखंच. वीस मिनिटं बंद ठेवून परत सुरू केली तर शे-दोनशे मीटर गेली आणि पुन्हा तेच. खाली रस्त्यावर तेलाचा थेंब नाही.

एक टेम्पोवाला टोचन करून न्यायला तयार होता. मी नको म्हटलं. ऑटोमॅटिकचा तेलपंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद ठेवून मागची चाकं रस्त्यावरून फिरवत नेली तर गिअरबॉक्सच्या आत कोरडं घासतं. एकतर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे बॉक्सकडून मागच्या चाकांकडं जाणारा दांडा सोडायचा, नाहीतर गाडी उचलून न्यायची. उचलूनच नेली.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या पहिल्या गॅरेजात डिपस्टिक, म्हणजे बॉक्सचं तेल मोजायची पट्टी काढून बघितली. "मालक, तेल फुल्ल हाय. बॉक्स बसला, उतरवायला लागतंय." अंदाज सव्वा लाख. मी दोन दिवस जेवलो नीट नाही. पण पट्टी बघितली होती इंजिन बंद ठेवून, आणि घोळ तिथंच होता. इंजिन थांबलं की वरचं तेल बॉक्सच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरतं, मग रिकामा बॉक्ससुद्धा भरलेला दिसतो.

मग एका मित्रानं वयस्कर मिस्त्रींकडं नेलं. सगळे त्यांना मामा म्हणतात. ते आधी गाडीखाली घुसले आणि मला आतून गिअर लिव्हर हलवायला लावलं. बॉक्सवरचा हात सोबत हलतो का, एवढंच बघायचं होतं; लिंकेजचं, म्हणजे लिव्हर आणि बॉक्स जोडणाऱ्या दांडीचं प्लास्टिक बुश तुटलं तरी गाडी अशीच जागेवर राहते. ते ठीक होतं. मग सपाट जागा, इंजिन गरम आणि चालू, लिव्हर पीमध्ये, म्हणजे पार्किंगला. पट्टी कोरडी! दीड लिटर तेल पोटात गेल्यावर गाडीनं तिथल्या तिथं डी पकडला. पट्टीवरचं तेल लालच होतं, जळका वास नव्हता. म्हणजे क्लच प्लेटा वाचल्या होत्या. वळणावर उरलंसुरलं तेल एका कडेला जायचं, पंप हवा ओढायचा, दाब पडायचा. थांबल्यावर फेस बसायचा, म्हणून थोडी चालायची.

"जिमिनीवर न्हाई, मग इंजिनानं पिलं असणार की," मामा म्हणाले. बॉक्सच्या कडेला मॉड्युलेटर नावाची पत्र्याची डबी असते. इंजिनावर किती लोड आहे हे तिला मॅनिफोल्डकडून (इंजिनात हवा जाते त्या पाइपकडून) येणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळीवरून कळतं आणि त्याप्रमाणे गिअर बदलताना दाब ठरतो. आतला रबरी पडदा फाटला की त्याच नळीतून इंजिन बॉक्सचं तेल ओढून जाळतं. मामांनी नळी उपसली, लाल थेंब बोटावर घेतला, मला दाखवला. गणपतीपासून सकाळी पांढरा धूर यायचा आणि मी इंजिनाच्या व्हॉल्व्ह सीलला शिव्या देत होतो.

नवी डबी मुंबईहून मागवली. बॉक्स न उतरवता तासाभरात बसली. नळीही बदलली, जुनी तेलानं फुगली होती.

आता नऊ महिन्यांचं. दर रविवारी गरम इंजिनावर पट्टी बघतो. खूण हललेली नाही. धूर गेला. पहिले पंधरा दिवस पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला धक्का बसायचा. डबीच्या टोपणाखाली दाब जुळवायची चावी असते. मामांनी गेज लावून पाव फेरा फिरवली, आता गिअर कधी बदलला ते कळतही नाही. पट्टी पुसायला कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचा एक धागासुद्धा व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे बॉक्समधल्या तेलाच्या बारीक वाटांत अडकतो. मी जुन्या धोतराचा तुकडा ठेवलाय, त्यावरून घरी चेष्टा होते.

तक्रार एकच उरली. पावसाळ्यातल्या गार सकाळी रिव्हर्स पकडायला दोन सेकंद घेते. मामा म्हणतात, चेंबर उघडून फिल्टर बदलू, पण दसऱ्यानंतर. सध्या त्यांच्या शेडमध्ये पाणी येतंय.