कोरोनची बुडालेली जहाजं आणि आम्ही बघितलेली दोन डाइव्ह शॉप्स

गावातल्या पहिल्या दुकानाचं नाव देत नाही. तिथल्या माणसाने मला एकच प्रश्न विचारला, पायाचं माप काय? फिन्स द्यायचे होते म्हणून. मी लॉगबुक, म्हणजे आजवरच्या डाइव्ह्जची नोंदवही, काढलं तर म्हणाला, "नो प्रॉब्लेम, मॅम." तिथेच उठायला हवं होतं.

कोरोन फिलिपिन्सच्या पलावान प्रांतात. 24 सप्टेंबर 1944 रोजी अमेरिकन नौदलाच्या विमानांनी इथे दडलेली जपानी जहाजं बुडवली, ती बघायला लोक जातात. मी डायव्हिंग शिकले तारकर्लीच्या गढूळ पाण्यात, त्यामुळे इथे दहा मीटरपर्यंत दिसतंय म्हणजे चैनच वाटली.

पहिल्याच दिवशी सहा जण, एक गाइड आणि थेट 'कोग्यो मारू'. हे मालवाहू जहाज उजव्या कुशीवर पडलंय. वरची बाजू साधारण बावीस मीटरवर, तळ चौतीसवर. आडवं असल्याने जमिनीची भिंत झालेली, डोकं जरा गरगरतं. धावपट्टी बांधायचं सामान होतं यात. एका होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या कप्प्यात, बुलडोझर आहे, आणि सिमेंटच्या गोण्या. गोणपाट केव्हाच कुजलं, पण आतलं सिमेंट गोणीच्याच आकारात घट्ट झालंय, एकावर एक रचलेलं. मी त्यावरून हात फिरवत होते, तेवढ्यात गाइड न विचारता आत वळला. पुढच्या माणसाने जोरात फिन मारली आणि दोन सेकंदांत गाळ उठून टॉर्चसमोर नुसता चहा. चाचपडत कड सापडली. बाहेर आले तेव्हा टाकीत साठ बार हवा उरली होती, भरलेल्या टाकीत साधारण दोनशे असते. वर आल्यावर गाइड म्हणतो, "गुड डाइव्ह?"

उरलेले दिवस आम्ही एका छोट्या बेटावरच्या रिसॉर्टला हललो. महाग आहे, आणि दुपारी जनरेटर बंद, म्हणजे पंखाही बंद. पण गावातून बांग्का बोटीने तास-दीड तास जायचं ते इथून पंधरा मिनिटांत. संध्याकाळी तिथल्या डाइव्ह शॉपच्या बाईंनी लॉगबुक पान-पान बघितलं. शेवटची डाइव्ह कधी? अरुंद जागेत कधी गेलाय? मग पहिल्या दिवशी दिली लुसाँग गनबोट, जिचं एक टोक जवळपास पाण्याबाहेरच आहे, स्नॉर्कल लावून बघतात ती! अपमानच वाटला मला. गाइड मात्र पूर्ण वेळ आमचे पाय बघत होता.

दुसऱ्या दिवशी 'आकित्सुशिमा', समुद्री विमानांची देखभाल करणारं जपानी जहाज. समुद्री विमानं उचलायची अवजड क्रेन आडवी पडलीय, ती एकटी बघायला पुन्हा जाईन. टाकीतला नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा, प्रत्येकाने स्वतः मोजायचा. टेपवर 32 (ऑक्सिजनचे टक्के) आणि नाव लिहून सही. आत फक्त आम्ही दोघं आणि गाइड. 'इराको' हे दुसरं बुडालेलं जहाज मागितलं तर बाई म्हणाल्या, ते आणखी खोल आहे, तुमच्या डायव्हिंगच्या कार्डावरच्या खोलीत बसत नाही. विषय संपला.

शाकाहारी नवऱ्याचं काय, ही चिंता होती. इथे मोंगो म्हणून मुगाची आमटीच करतात, फक्त त्यात डुकराचं मटण नको हे आदल्या रात्रीच सांगा. सकाळी सांगितलंत तर उचलून बाजूला काढून देतात, तेवढ्यावर त्याचं समाधान होईना.

शेवटच्या दिवशी दुपारी साडेतीनला आणखी एक डाइव्ह द्या म्हणून मी गळ घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊचं विमान. डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी थांबायचे अठरा तास बाईंनी बोटांवर मोजले, ते भरेनात, आणि मला कयाक दिली.