जायफळाचा सुगंध: अख्खं फळ घ्यावं की तेलाची बाटली?

दिवाळीच्या आधी नाशिकच्या रविवार कारंज्यावर उटण्याचं सामान घ्यायला गेले की सोबतच्या मैत्रिणीचा प्रश्न ठरलेला: सुगंधाला जायफळ अख्खं घेऊ की तेल? तुम्ही काय बनवताय, त्यावर ते ठरतं.

उटण्याला अख्खं फळच घ्या. हाताला जड लागलं पाहिजे, भोक पडलेलं नको. सुई टोचून पाहा, टोकाला तेलाचा ओलावा येतो. तयार पुडीचा वास डब्यातच उडून गेलेला असतो. मी आयत्या वेळी बारीक किसणीवर किसते आणि मलमलच्या फडक्यातून गाळून घेते, कारण भरड राहिली की चेहऱ्याला ओरखडे येतात. पाव किलो उटण्याला अर्धं जायफळ पुरतं. नागरमोथा, गव्हला कचोऱ्यात त्याचा गोडसर उबदार वास छान मुरतो. जायपत्रीचा वास जास्त नाजूक, पण ती महाग आणि उटण्यात हरवून जाते. ती मसाल्यालाच ठेवा.

बामला मात्र पूड चालत नाही, बोटाला कण लागतात. तिथे तेल. पण बाटलीवर ‘इसेन्शियल ऑइल’ आणि ‘मिरिस्टिका फ्रॅग्रन्स’ हे वनस्पतीचं नाव आहे ना, ते वाचा. नुसतं ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ म्हणजे बहुधा कृत्रिम सुगंध. खऱ्या तेलात मिरिस्टिसिन आणि थोडं सॅफ्रोल ही नैसर्गिक रसायनंही असतात. सौंदर्यप्रसाधनांतल्या सॅफ्रोलवर युरोपात मर्यादा घातलेली आहे. म्हणून मी ०.५ टक्क्याच्या वर जात नाही: ५० ग्रॅम बामला पाव ग्रॅम, तेही छोट्या डिजिटल काट्यावर तोलून. मेण आणि खोबरेल वितळवून जरा निवू द्यायचं, मग तेल घालायचं. कढत असताना घातलं तर घरभर वास सुटतो आणि डबीत काही उरत नाही. ओठांच्या बाममध्ये मी ते घालतच नाही, ते पोटात जातं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. बाळगुटीत आपण जायफळाचे एक-दोन वेढे उगाळतो, म्हणून त्याचं तेल बाळाच्या मालिशला चालेल असं समजू नका. सहाणेवरचा तो वेढा आणि बाटलीतला अर्क यांच्या ताकदीत फार फरक आहे. बाळाला आणि गरोदरपणात हे तेल नकोच.

साबणाला दोन्ही घेऊ नका. कास्टिक सोड्याचा थंड पद्धतीचा, म्हणजे न शिजवता केलेला साबण मुरायला ४ ते ६ आठवडे लागतात, तोवर जायफळातला हलका सुगंध बराचसा उडालेला असतो. माझ्या एका घाण्याला महिन्याने नाक लावलं तर नुसता खोबरेलाचा वास. त्याऐवजी वाळ्याचं तेल घ्या, ते टिकतं.

आणि तेल घ्यायचंच तर १० मिलीची गडद काचेची बाटली घ्या. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती फ्रिजमध्येच ठेवा, कारण हवा आणि उष्णता लागून जुनं झालेलं तेल कातडीला झोंबतं.