उन्हाळ्यापूर्वी गच्ची आणि बाहेरच्या भिंती : एका ठेकेदाराच्या कामाचे परीक्षण

सहकारनगरमधील आमच्या जुन्या दुमजली बंगल्याच्या बाह्य दुरुस्तीचे काम यंदा होळीच्या सुमारास एका स्थानिक ठेकेदाराकडून करून घेतले. गच्चीवर ऊन परावर्तित करणारा पांढरा लेप, पश्चिमेकडील भिंतीच्या भेगा भरून रंग आणि छज्जांची डागडुजी असे त्याचे स्वरूप होते. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटली तरी खालच्या खोलीत उष्णता सोडत राहतो आणि पंखा तीच गरम हवा अंगावर ढकलतो. शिवाय वळीव एकदा सुरू झाला की ओला लेप धुऊन जाण्याची धास्ती असते, म्हणून असे काम त्याआधी उरकलेले बरे.

या ठेकेदाराची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे डबे उघडण्याची त्याने मुळीच घाई केली नाही. आमच्या गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा जलरोधक थर आहे आणि त्याचा वरचा सिमेंटचा थर जागोजागी सुटला होता. त्याचा मिस्त्री हातोडीच्या दांड्याने सबंध गच्ची ठोकत फिरला आणि जिथे बद्द आवाज आला तिथे खडूने गोल करत गेला. ते भाग फोडून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरले आणि नीट पाणी मारून मुरू दिले. कठड्यात पिंपळाचे रोप उगवले होते. ते वरून छाटले की पावसाळ्यात पुन्हा फुटते, त्यामुळे तेवढे प्लास्टर फोडून मुळे शोधून काढली. कठडा आणि गच्ची जिथे जुळतात तिथला वाटा, म्हणजे सिमेंटची गोलसर कड, चिरलेला होता, आणि पाणी झिरपते ते बहुधा तिथूनच. तो फायबरची जाळी घालून नव्याने केला. मग पावसाळी पाइपांची तोंडे बंद करून 48 तास पाणी साठवून ठेवले व खालच्या छताला ओल येत नाही याची खात्री केली. हे सारे आम्ही मागे लागून करवून घेतलेले नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

गच्ची पूर्ण वाळल्यावर लेपाचे दोन हात दिले गेले, तेही ऊन चढण्यापूर्वी. तापलेल्या कोब्यावर लेप दिला तर वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि आत कोंडलेल्या वाफेमुळे फुगे धरतात, हे मिस्त्रीनेच समजावून सांगितले. सोलर हीटरचे स्टँड सरकवून त्याच्या पायांखालीही काम केले; बहुतेक ठिकाणी पायांभोवती ब्रश फिरवून वेळ मारून नेली जाते.

परिणामाबद्दल अपेक्षा माफक ठेवावी. भर दुपारी गच्चीवर अनवाणी उभे राहता येते आणि वरच्या खोलीतील रात्रीचा उकाडा जाणवण्याइतका कमी झाला आहे, परंतु जाहिरातींत तापमान इतके अंश उतरल्याचे जे आकडे असतात, ते प्रायः स्लॅबच्या पृष्ठभागाचे असतात, खोलीतील हवेचे नव्हेत. धूळ बसली की लेपाची परावर्तनशक्तीही घटते, त्यामुळे शेजारी बांधकाम चालू असल्यास गच्ची अधूनमधून धुवावी लागेल. ज्यांना एकाच उन्हाळ्यापुरती सोय हवी आहे आणि गळतीचा प्रश्न नाही, त्यांना बोहरी आळीच्या बाजारातून आणलेला चुना पुरेसा आहे; तो पावसात धुपून जातो, पण खर्चही नगण्य असतो.

भिंतींच्या कामाबद्दल मात्र असे चांगले लिहिता येत नाही. ते त्याने दुसऱ्या टोळीकडे सोपवले आणि दर्जातला फरक पहिल्याच दिवशी दिसला. केसाएवढ्या भेगा खाच पाडून रुंद करायच्या आणि मग भरायच्या, हे बाजूला ठेवून त्यांवर सरळ पुट्टी ओढण्यात आली. हरकत घेतल्यावर अर्धी भिंत पुन्हा केली. ताडपत्री न अंथरल्यामुळे खिडक्यांच्या गजांवर आणि अंगणातील शहाबादी फरशीवर रंगाचे शिंतोडे उडाले. सर्वांत खटकलेली गोष्ट छज्जांची आहे : त्यांच्या खालच्या कडेला पाणी थेंबाथेंबाने तुटून पडावे म्हणून जी बारीक पाणपट्टी असते, ती प्लास्टर करताना बुजवून टाकली. दिसायला कड गुळगुळीत झाली, पण पावसाचे पाणी आता छज्जाच्या पोटावरून भिंतीकडे येणार.

दर वाजवी होता आणि 18 टक्के जीएसटीसह पक्के बिल मिळाले. मोजमापात पाण्याच्या टाकीखालची आणि जिन्याच्या खोलीची जागाही लेपाखाली धरली होती. टेप लावून समक्ष मोजल्यावर ती विनातक्रार वजा झाली. वाट्याचा हिशेब मात्र रनिंग फुटाने, म्हणजे नुसत्या लांबीवर, स्वतंत्र लावतात, तो दरपत्रकातच लिहून घ्यावा. लेखी हमी गच्चीच्या गळतीपुरती पाच वर्षांची आहे आणि इमारत खचल्याने पडणाऱ्या भेगा तीतून वगळल्या आहेत, हे रास्तच म्हणावे लागेल.

गच्चीसाठी हाच ठेकेदार मी निःसंकोच सुचवेन. भिंतींसाठी स्वतंत्र रंगारी पाहावा. बिलाचा शेवटचा हप्ता छज्जांच्या पाणपट्ट्या मोकळ्या झाल्यानंतरच द्यायचा, असे त्याच्याशी ठरले आहे आणि त्यासाठी त्याने मेअखेरची मुदत मागितली आहे.